उलट्या वायरी

दवाखान्याच्या दारात मी टॅक्सीची वाट बघत उभा होतो. समोर एका जुन्या गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये एक अनोळखी तरुण डोकं घालून होता. त्याची बहीण वडिलांची चाकांची खुर्ची धरून त्याच्याशी बोलत होती.

“अरे, किती थरथरतेय ही! बंद कर आणि टॅक्सी बोलाव.”

“मुळीच नाही! बाबा घरी जाणार ते त्यांच्याच गाडीतून. कालच चारही प्लग काढून, चकाचक करून वायरी परत जोडल्यात मी.”

“मग फटाफट बार कसले काढतेय?”

“एखादा सिलिंडर मारत नसेल. थांब, एकेक वायर उपसून बघतो. ही काढली, बघ, आवाज पडला. म्हणजे हा चालू आहे. ही काढली... काहीच फरक नाही! ताई, सापडला! हा मेलाय! अगं, आणि हा शेजारचासुद्धा!”

“दोन-दोन? बाबा, तुम्हीच सांगा हो याला काहीतरी.”

“त्यांना कशाला छळतेस? झटका आल्यापासून महिनाभर एक शब्द फुटला नाही त्यांच्या तोंडून, आणि आता...”

“वायरी... उलट्या... गाढवा!”

“ओ दारातले काका! ओळख ना पाळख, गाढव कुणाला म्हणता?”

“अरे, ते काका नाही बोलले.”

“मग कोण?”

“बाबा! बाबा बोलले रे!”

“काय सांगतेस! बाबा? बाबा, परत म्हणा ना! एकदा गाढव म्हणा!”

“आधी... वायरी.”