नखाला कळणारा गंज

डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिक्षिका पापण्या मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावरचे दोघे त्यांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. एक आवाज म्हातारा, एक तरुण.

"काय म्हणाले डॉक्टर, मामा?"

"मोतीबिंदू पिकलाय म्हणाले. दोन वर्षं तरी अंगावर काढला असेल म्हणे."

"दोन वर्षं? मग विमानांची तपासणी कशी करत होतात? फ्लॅपच्या दांड्यावरचा गंज दिसायचा तुम्हाला?"

"दिसायचा कुठे, नखाला लागायचा. उतरताना विमानाचा वेग कमी करणारा पंखाचा फ्लॅप ज्या दांड्यावरून सरकतो ना, त्यावर नख फिरवायचं. जरा खरखरलं की समजायचं. गंज डोळ्याआधी नखाला कळतो, हे मीच तुला शिकवलंय."

"शिकवलंत की. पण मामा, हातमोजे सक्तीचे होऊन तीन महिने झाले."

आता डोळे उघडा, असं नर्स सांगून गेली, तरी शिक्षिकांनी उघडले नाहीत.

"तुम्ही मोजे काढून बघायचात ना?"

"उभ्या जन्मात नियम मोडला नाही रे मी."

"मोजे आल्यापासून किती विमानांवर ठीक म्हणून सही केलीत?"

"नऊ. कालचं धरून दहा."

"कालचं कुठंय आता?"

"सकाळीच उडालं. अजून उतरायचंय."

"मी साहेबांना फोन लावतो."

"तू नको. सही माझी आहे, मीच बोलतो. नंबर तेवढा लावून दे, मला आकडे दिसत नाहीत."