डिटमारच्या बारा प्लेटा

—तशी नको उभी राहूस प्रज्ञा, खुर्ची पूस आणि बस. तुमच्या आर्ट गॅलरीला तांब्याच्या प्लेटा हव्यात ना, डिटमारच्या? मोठा कलाकार होता का म्हणून काय विचारतेस — होता! जर्मनीत नाटकांची पोस्टरं करायचा, बक्षिसं मिळालेली. मग डोकं फिरलं — दोन वर्षं इस्पितळात, बायको सोडून गेली. जरा बरा झाला तसा दुबईत जाहिरात कंपनीत आला. तिथे काय केलं? क्लायंटसमोर स्वतःचीच डिझाइनं टराटरा फाडली. खलास! इथे करामा भागात, माझ्या या फ्रेमच्या दुकानात, मागची खोली दिली मी त्याला. मी! दुसऱ्या कुणी उभं केलं नसतं.

तांब्याच्या प्लेटवर सुईनं चित्र काढायचा, ॲसिडात बुडवायचा, मग शाई लावून छापायचा. मशीनचं हँडल फिरवायला कोण? मीच, सहा वर्षं. काढायचा काय, तर साइटवरची आपली माणसं — रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीतला तुकाराम, त्याची फुटलेली नखं. एकेका नखावर महिना! "हबीबी, लोकांना उंट पाहिजे, उंट काढ," मी सांगायचो. ऐकेल तर शपथ. डॉक्टरनं त्याच्या गोळ्या माझ्याकडे ठेवलेल्या. तळहात पुढे करून उभा राहायचा. कधी जास्तच शहाणपणा केला तर ठेवायचो तसाच उभा, अर्धा दिवस — मजा म्हणून... मजा म्हणजे, शिस्त गं.

प्लेटा? दमट हवेनं गेल्या. — काय? तांबं हवेनं विरघळत नाही? हुशार आहेस. मग ऐक. बारावी प्लेट माझी होती. माझा चेहरा. हातात गोळी, आणि मी हसतोय — कुत्र्याला बिस्किट दाखवताना हसतात ना, तसा. "मधू, इट्स यू," म्हणाला. वर खूश! दुसऱ्या दिवसापासून ईदची सुट्टी. बाराच्या बारा ॲसिडात ठेवल्या, घरी गेलो, जेवलो, झोपलो. तीन दिवसांनी टबात नुसतं निळं पाणी.

तो आला, बघितलं. ओरडला? छे. दोन्ही हात टबात घातले नि तळ चाचपत बसला — हातमोजे न घालता. मी बघत होतो. थांबवलं ना... नंतर. बोटं गेली कामातून. सुई पुन्हा धरली नाही त्यानं. आता तिकडे जर्मनीत त्याची बहीण भरवते त्याला.

रडतेस काय? माझा चेहरा होता तो, माझा! — चल, ऊठ, गिऱ्हाईक आलंय. यल्ला. — आइए भाईसाब, क्या फ्रेम करना है?