डब्यावरचा लाइट

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर शेजारची बाई फोन स्पीकरवर टाकून रामाकोन्याला वडिलांशी बोलत होती.

“बाबा, कापूस विकाचा नंबर ऑनलाइन लावाची आज शेवटची तारीख हाय. कागदं सारे लॅपटॉपातच हायेत, माह्या फोनवरून नाही होत. पान उघडलं का?”

“नाही. नुसतं गोल गोल फिरून राहिलं.”

“दुसरं ब्राउझर उघडून पाहा.”

“दोन्ही उघडले. दोन्हीत फिरून राहिलं.”

“मंग राउटरच्या डब्यावरचा लाइट पाहा. हिरवा हाय का लाल?”

“हिरवा असंन.”

“असंन काऊन? पाहून सांगा नं.”

“मांगच्या हप्त्यात हिरवाच होता.”

“बाबा, माही बस लागून राहिली. उठा, डब्याजवळ जा, बटन बंद करून चालू करा.”

“तिथवर हात नाही पुरत.”

“स्टूल घ्या.”

“स्टुलाचं काम नाही, शीतल. समोरच्या खोलीत कापूस भरला. पार छतापर्यंत.”

“अन् डबा?”

“भितीवरच हाय. कापसाच्या मांगं.”

“तुम्ही राउटरवर कापूस भरला?”

“तुही आई म्हणे, राहू द्या तिथंच, त्याचं काय बिघडते.”

“आताच्या आता हलवा तो कापूस.”

“हलवू कुठं? मांगची खोलीबी भरली.”

“बाबा.”

“तू चिडू नको. एकडाव कापूस विकला का डबा मोकळाच हाय. मंग पाहून सांगतो, लाइट कोणता हाय तं.”