रिव्हर्सची सनई

जुन्या गाड्यांचं बोलताय म्हणून सांगतो. डिचोलीहून मी जुना डिझेल ट्रक घेतला. स्टिअरिंगखाली एक जादा स्विच होता. एवढी वर्षं गाडी चालवून स्विच कसला ते विकणाऱ्याला विचारणं मला पटेना. स्वतःच दाबला. काहीच झालं नाही, म्हणून तसाच दाबलेला सोडला.

दुसऱ्या दिवशी इब्रामपूरचा माझा दोस्त शाबी वारला. चितेसाठी त्याच्याच अंगणातला आंबा तोडला होता. लाकडं न्यायला मी ट्रक रिव्हर्समध्ये घातला, आणि मागून लग्नाची सनई मोठ्यानं वाजू लागली. शाबी ओसरीवर ठेवलेला. रडणारी माणसं वळून ट्रककडे बघू लागली.

शाबीचा थोरला भाऊ धावत आला. "ह्यां काय रे लावलंस? आधी बंद कर."

स्विच रिव्हर्सच्या गाण्याचा होता, ते मला तेव्हा कळलं. मी हात घातला, तोच शाबीच्या बायकोनं ओसरीवरून दिराला हाक मारली.

"भावजी, रवांदे, वाजांदे. आमच्या लग्नाक वाजंत्री इलेच नाय. आज तरी ऐकांदे तेंका."

भाऊ बाजूला झाला. मी ट्रक अगदी सावकाश मागे घेतला.