गेटपर्यंत

कन्हानहून नागपूरला निघालेल्या बसमध्ये यमुताई खिडकीशी बसल्या होत्या. मागच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी आणि तिच्याहून मोठी एक बाई बोलत होत्या. यमुताईंना सगळं ऐकू येत होतं.

“अस्मिताताई, तुम्ही वर्गापर्यंत या न.”

“गेटपर्यंत येते, रितिका. आपलं तसंच ठरलं होतं.”

“अन् वर्गासमोर बोलताना मागच्यासारखा आवाजच बंद झाला तं? मंगळवारी तुमच्यासंग बोलतो तवा बरा निघते.”

“बंद झाला तर पाणी पी. थोडं थांब. मग बोल.”

“सगळे हासतीन.”

“एखाद-दोघं हसतील. कोणीच हसणार नाही, असं मी कसं सांगू?”

“तुमच्या संस्थेत धीर द्याले नाही शिकवत का?”

“खोटं बोलायला नाही शिकवत. मागच्या वेळी कोण हसलं होतं?”

“रजत. अन् त्याच्या बाजूची पोरगी.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे आपापले कागद पाहून राहिले होते. त्याह्यलेही बोलाचं होतं न.”

कॉलेजचा स्टॉप आला.

“चल, उतरू.”

“तुम्ही बसा, ताई. जातो मी.”

“नक्की?”

“हव. तुमाले ऑफिसले उशीर होऊन राहिला.”

रितिका उतरली, बस सुटली. अस्मिता खिडकीकडे सरकून मागे बघत राहिली. यमुताईंना राहवलं नाही.

“ऑफिस कुठं हाय वं तुझं?”

“कामठीला, काकू. मागेच राहिलं. आज दिवसभराची सुट्टी टाकली होती.”