वेलिचका मावशींची मान

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच ओग्न्यानदादा, व्यासपीठावरील वनखात्याचे पाहुणे, जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी, आणि आज रोपवाटिकेतून निवृत्त होत असलेल्या आपल्या वेलिचका मावशी, सर्वांना माझा नमस्कार. बाहेर चीज भरलेली गरम बानित्सा मांडली आहे, तिचा वास मलाही येतोय. तेव्हा थोडक्यात बोलतो.

बावीस वर्षांपूर्वी मी चेक देशातून या रोपवाटिकेचा प्रमुख म्हणून आलो. तुमची भाषा पुस्तकातून शिकलेलो, आणि डोक्यात हवा. समोर तांब्याच्या खाणीतून उपसलेल्या मातीचा करडा डोंगर. त्यावर दोनदा लावलेली पाइनची रोपं करपून गेली होती. तिसऱ्यांदाही करपली असती, तर रोपवाटिकेला टाळं लागणार होतं आणि त्या डोंगराची धूळ गावाच्या ताटात कायमची पडणार होती. डोंगराखालचं पहिलं घर कुणाचं? मावशींचं.

त्या वर्षी मावशींनी कुणाला न विचारता जुन्या पाइनखालची माती आणली, मेंढ्यांच्या कुजलेल्या खतात कालवली आणि रोपांच्या पिशव्या भरल्या. मी एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांना पांढरी बुरशी. माझं धाबं दणाणलं. म्हटलं, "सगळी रोपं आजच्या आज बुरशीनाशकात बुडवायची. बुडवणार ना?"

मावशींनी माझ्याकडे रोखून बघत मान वरखाली केली. मी निर्धास्तपणे महिनाभर प्रशिक्षणाला निघून गेलो.

तुम्ही आत्ताच हसताय. पण इथे मान वरखाली म्हणजे 'नाही' आणि आडवी म्हणजे 'हो', हे माझ्या पुस्तकात कुठे होतं?

दोन उन्हाळे गेले, तरी डोंगरावरची रोपं हिरवीगार. मी ऐटीत म्हणालो, "बघितलंत माझं औषध?"

"कसलं औषध? बाटल्या कपाटात आहेत, साहेब. बुचंसुद्धा उघडलेली नाहीत."

"पण तुम्ही हो म्हणाला होतात!"

"मी चांगलं ढळढळीत नाही म्हणाले. अहो, मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी ती बुरशी आणून देते. तिला मारून काय लावणार होतात, काठ्या?"

अहवालात मात्र मी लिहिलं, 'प्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली'. इतक्या वर्षांत ही लाज मी कुणाला सांगितली नाही. आज पाहुण्यांसमोर सांगतो, त्या डोंगरावरचं झाड न् झाड मावशींचं आहे.

उत्तरेकडची बाजू अजून उघडीच आहे. मघाशी मी विचारलं, "मावशी, आता घरी आराम करणार ना?" त्यांनी मान वरखाली केली. या वेळी मला बरोबर कळलं. सोमवारी सकाळी पिशव्या तयार ठेवतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सांभाळून घ्या. आणि मावशी, त्या अहवालाबद्दल मला माफ कराल ना?

थांबा, मंडळी. मावशींनी मान आडवी हलवली.