वीस सेकंदांची मंदाबाई

—तर तुला म्हणून सांगतो चेलना, अख्ख्या धुळ्यात टीव्हीवरच्या जाहिरातीतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, कारण तुझ्या आजोबांच्या पिठाची पहिली जाहिरात मीच केली — म्हणजे केली माझ्या बायकोनं, आमच्या मंदाबाईनं, मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून जीभ काढून दाखवली. हसू नकोस. ती जीभ नसती तर जाहिरात झाली असती का? नसती. गिरणीच्या अंगणात चूल मांडली, चुलीवर मातीचं खापर पालथं घातलं, मंदाबाईनं पुरणाची पोळी दोन्ही हातांवर घेतली, फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी केली, आणि खापरावर टाकायच्या आधी अशी थांबली, मान वळवली, माझं थोबाड बघितलं आणि फिस्सकन हसली. कॅमेरावाला म्हणाला, बाईंनी बाजूला बघितलं, परत घेऊ. तुझे आजोबा रतिलालशेठ म्हणाले, राहू द्या, आता पीठ खपेल. खपलं की नाही? पार दोंडाईच्यापर्यंत खपलं. तुझ्या आजोबांच्या गिरणीत पोत्यांची तोंडं मी शिवायचो, ही बोटं बघ, अजून सरळ होत नाहीत.

आणि आता तू पुण्याहून काय शिकून आलीस? तर तुझी नवी जाहिरात म्हणजे काळा पडदा, त्यावर एक पिवळट ठिपका, ठिपक्याचा गोल, खाली दोन रेघा. माणूस नाही, बोलणं नाही, शेवटी नाव. काल तू फोनवर पाठवलंस ते मी नीट बघितलंच नाही, चष्मा कुठं होता — पण पितांबरच्या सलूनमध्ये सगळ्यांना दाखवलं. पितांबर म्हणाला, टायरची जाहिरात आहे. वना म्हणाला, पौर्णिमेचा उपास कधी ते सांगतात. एक जण दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून म्हणाला, माझ्या पोटाच्या फोटोत डॉक्टरांनी हेच दाखवलं होतं! आता सांग, यांतला कोण पीठ आणायला निघेल? मी काही फार शिकलेलो नाही, चौथी शिकलो, तीपण दोनदा — पण एवढं कळतं, की बाईला बाई दिसली, तिच्या हातावर न फाटणारी पोळी दिसली, की ती म्हणते हेच पीठ पाहिजे. गोल बघून कुणाला भूक लागते?

हां, जुनी खराब झाली, माहीत आहे. मंदाबाईच्या तोंडावरून रेघा धावतात, गालाचा रंग हिरवा पडलाय, केबलवाला म्हणतो आता चालवायची लाज वाटते. आणि शेठ म्हणतात, लोटननाना — म्हणजे मी — हो म्हणाले तरच बंद करू. म्हणून तर तू भरदुपारी देवपुरात आलीस. नाहीतर या म्हाताऱ्याकडं कोण येतं? बस ना, त्या स्टुलावर नको, इकडं बस. ते स्टूल हलवायचं नाही. — का म्हणजे? सात वाजायला पाच कमी असताना, बातम्यांच्या आधी, ती येते. वीस सेकंद. मान वळवते तेव्हा तिची नजर बरोबर त्या स्टुलावर येते. मी महिनाभर सरकवून सरकवून जागा शोधली. तिथं बसायचं, पोळी मोठी होऊ द्यायची, ती थांबली की जीभ काढायची, की ती हसते. रोज हसते. एकदा मला ताप होता, जीभ काढायची राहून गेली — तरी हसली. त्या दिवशी मला बरं वाटलं नाही पोरी. म्हटलं, मग ही बघते कुणाकडं?

जाऊ दे, मी बातम्यांसाठी लावतो टीव्ही.

थट्टा मला लहानपणापासूनची. गिरणीत पोत्यांमध्ये पीठ फासून मेल्यासारखा पडायचो — एकदा हमालांनी हार आणला होता, मी उठून तो गळ्यात घातला! घरीपण तेच. पहिल्या वेळी मंदाबाई रडली. मग सवय झाली तिला. मला ओलांडून जायची आणि म्हणायची, ‘उठा, चहा थंडा व्हई राह्यना.’ की मी उठायचो. चाळीस वर्षं. मग एक दिवस सकाळी ती चुलीपाशी आडवी. हात असे पसरलेले, पिठाचे. मी म्हटलं, वा! शिकली! आज आमच्यावरच डाव. मी तिला ओलांडून गेलो, कपात चहा ओतला, म्हटलं, ‘ऊठ, चहा थंडा व्हई राह्यना.’ पेपर वाचला. सगळा वाचला, धरणगावच्या कापसाचा भावसुद्धा. मग जळका वास आला. खापरावरची पोळी — ती मंदाबाईनं कधी जळू दिली नसती. थट्टेतसुद्धा नाही.

तू काय तोंड पाडून बसलीस? हे मी तुला सांगायला बसलो नव्हतो. ते आण इकडं, तुझं ते पाटीसारखं मोठं यंत्र, चष्मा आहे आता. लाव. — हा ठिपका. या रेघा. फिरतंय, फिरतंय... मोतीबिंदू काढला तेव्हा पट्टी सोडल्यावर मला असंच दिसलं होतं, मी म्हटलं चंद्र, तर ती नर्स निघाली! बरं, परत लाव. परत. हे आता मोठं झालं — थांब! इथं हे थांबलं का? तू थांबवलंस? काय म्हणतेस, चित्र काढताना हात आपोआप थांबला? आपोआप कसा थांबेल? परत लाव. आवाज नको, बोलू नकोस. फिरली... कोपरापर्यंत आली... आता थांबेल, बघ, डावीकडं जराशी कलली — आता मान वळवेल, आता इकडं—

बंद कर. बंद कर म्हटलं ना! हसण्यासारखं काही नाही, डोळ्यात पीठ गेलं. जा, शेठना सांग लोटननाना नाही म्हणाले. सांग, नुसत्या गोलात कुणाला काही दिसत नसतं, जाहिरातीला माणूस लागतो, माणसाचं तोंड लागतं. दारातून काय बघतेस? जा ना बाई.

‘नाना, मी मान काढलेलीच नाही. तिथं नुसता गोल आहे. तुम्ही कुणाला जीभ काढून दाखवलीत?’